चतुःसीमा

मेहेर सिग्नलजवळ, कोर्टासमोर,
झेरॉक्सच्या गाळ्यात माझं टेबल.
सतरा वर्षं खरेदीखतं टाइप करते:
लिहून देणार, लिहून घेणार,
पूर्वेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस नाला,
उत्तरेस लिहून देणार यांचीच उरलेली जमीन.
बोटांना पाठ आहे. मधे कुणी बोललं तरी चुकत नाही.

मार्चमध्ये पल्लवी गुजराथी आल्या, कॉलेज रोडच्या,
मोबाइलची ॲप बाजारात आणतात;
सोबत दोडीचा हर्षद आव्हाड, बाहेरचा डेव्हलपर.
बाहेरचा म्हणजे पगारावर नाही, पंख्याखाली खुर्ची नाही,
लॅपटॉप त्याचा, विजेचं बिल त्याचं,
दुकानातलं खातं आणि पाटी मात्र बाईंची.
पाचशेचा स्टॅम्प. नमुना माझ्याकडे जमिनीचाच.
मिळकतीचं वर्णन?
"सोर्स कोड," हर्षद म्हणाला.
चतुःसीमा?
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.
पूर्वेस कुठलासा सर्व्हर आहे म्हणे, सिंगापूरला.
मी रकाना मोकळा सोडला, रेघसुद्धा मारली नाही.

दुकानवाल्याचे पंधरा टक्के आधीच कापले जातील,
मग खर्च वजा जाता उरेल त्यात साठ-चाळीस.
इथवर सरळ होतं.
सहीची किल्ली कुणाकडे, यावर चहा दोनदा झाला.
किल्ली म्हणजे एक फाइल;
हरवली की ॲप आहे तिथं थिजतं, धन्यालाही हात लावता येत नाही.
"ओझरच्या पोरानं फॉरमॅट मारताना घालवली," बाई म्हणाल्या,
"त्या ॲपवर अजून एकोणीस सालची दिवाळी चालू आहे."
"आणि उद्या तुम्हीच शटर ओढलं तर?" हर्षद.
शेवटी दोन प्रती. एक बँकेच्या लॉकरात,
बाईंच्या पाटल्यांशेजारी एक पेन ड्राइव्ह.

मग मी विचारलं, विचारायचं मला कारण नव्हतं,
ॲप आहे कसलं?
पाढ्यांचं. पावकी, निमकी, सवायकी, औटकी.
त्यानं फोन पुढं धरला.
जाड, बेताचा, खडू हातात असल्यासारखा आवाज.
हा कुणाचा?
"अण्णांचा."
ते तर करारात नाहीत.

सोमवारी रेवणनाथ आव्हाड गुरुजी पहिल्या एसटीनं आले.
चष्मा पुसला, अकरा पानं वाचली.
सतरा वर्षांत असं वाचणारा हा तिसरा माणूस.
"सव्वा टक्का द्या. जास्त नको."
बाई लगेच हो म्हणाल्या.
"पण कशाचा सव्वा? एकूणाचा की उरलेल्याचा?
खर्च वजा जाता, यातलं 'जाता' मोजणार कोण?
खर्च तुमचा, हिशेब तुमचा. उंदराला मांजर साक्ष."
हर्षद पुटपुटला, अण्णा, जाऊ द्या.
"जाऊ द्यायला हा आहेर आहे का?"

ठरलं: एकूणावर, कुणीही काही कापण्याआधी.
"आणि आवाज विकत नाही. खंडानं देतो.
पाच वर्षं. मग परत.
दुसऱ्या कुठल्या ॲपात पेरायचा नाही."
'खंड' मी हजारदा टाइप केला असेल,
पण या आधी तो कुणाच्या गळ्याला लावला नव्हता.
मोकळ्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं.
"लिहा. पावकीपासून औटकीपर्यंत.
त्याच्या पलीकडं माझं काही नाही."
दोन साक्षीदार: झेरॉक्सवाला सादिक आणि मी.

जूनमध्ये ॲप आलं. रात्री भांडी आवरून उतरवलं.
आधी अटी आल्या, लांबच लांब,
त्यातल्या निम्म्या माझ्याच हातच्या असतील.
न वाचता 'मान्य आहे' दाबलं.
सवायकी लावली.
पाच सव्वे सव्वासहा,
सहा सव्वे साडेसात,
सात सव्वे... एक खोकला, कुठल्याच कलमात नसलेला...
पावणेनऊ.